करवती माश्यांची पाहणी आपल्याकडे कधी होणार? एक खुलं पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर
मा. प्रभारी अधिकारी, भारतीय प्राणी सर्वेक्षण, पश्चिम प्रादेशिक केंद्र, आकुर्डी, पुणे
तसेच राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांचे कीटकशास्त्र विभाग

सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी शेजारचे तात्या बांधावरून हाक मारत आले. "बाई, जरा मुळ्याच्या वाफ्यात येता का? चार दिवस झाले औषध मारून, अळी काही दाद देत नाही." मी जुन्नर तालुक्यात राहते. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि आता दीड एकर शेती बघते, त्यामुळे किडामुंगी ओळखायची झाली की गावातली माणसं माझ्या दारात येतात.

पानांवर दव होतं. मुळ्याच्या कोवळ्या पानांची पार चाळण झाली होती, काही रोपांच्या तर नुसत्या शिरा उरल्या होत्या. पानाच्या खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी, हिरवट काळी, सुरकुतल्या अंगाची अळी बसलेली. काडीनं हलकेच डिवचली तशी ती अंग वळवून टपकन मातीत पडली आणि मेल्यासारखी निपचित राहिली. तळहातावर घेऊन भिंग लावलं. छातीचे पाय तीन जोड्या. मग पोटाखालचे मोजत गेले, तर ते भरले आठ जोड्या. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला पोटाखाली पाचाच्या वर जोड्या नसतात. शिवाय हिच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना एकेकच काळा डोळा होता, पतंगाच्या अळीला तिथे बारीक डोळ्यांचा पुंजका असतो. म्हणजे ही अळी पतंगाची नव्हतीच. ही मोहरीवरची करवती माशी, अथालिया लुजेन्स. इंग्रजीत या कीटकांना सॉफ्लाय म्हणतात. माशी हे आपलं बोलण्यातलं नाव, पण गोत मात्र मधमाशीचं, गांधीलमाशीचं आणि मुंगीचं.

तात्यांनी फवारलं होतं बीटीचं, म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं औषध. तालुक्याच्या एका दुकानात त्यांनी खाल्लेलं पान दाखवलं आणि दुकानदारानं कोबीवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला देतात तेच उचलून दिलं. सेंद्रिय आहे, मुळा खायला जायचा आहे, म्हणून तात्यांनीही मोठ्या विश्वासानं दोनदा मारलं. पण कोबीसाठी मिळणारं ते बीटी पतंगवर्गातल्या अळीच्या आतड्यावर काम करतं. करवती माशीच्या अळीला त्याचं काही होत नाही. ती पानासकट औषध खाते आणि वाढत राहते. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाफ्यात पाटाचं पाणी भरून सोडलं. रोपं लहान असताना पाणी दिलं की या अळ्या बऱ्याच बुडून मरतात, हे पीकसंरक्षणाच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. सकाळी उरलेल्या हातानं वेचल्या, कारण त्या सकाळ-संध्याकाळ पानावर येतात आणि दिवसा दडी मारतात. एवढं सगळं बिनपैशाचं. तरी तोवर तात्यांचा एक अख्खा वाफा गेला होता.

त्या वाफ्यानं मला हे पत्र लिहायला लावलं. मागणी एकच आहे: महाराष्ट्रातल्या करवती माश्यांची पद्धतशीर प्रादेशिक पाहणी सुरू करा. कोणत्या जाती, कोणत्या ठिकाणी, किती उंचीवर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या झाडावर, हे शोधा आणि लोकांना वाचता येईल असं मांडा. मोहरीवरची ही एक जात आम्हाला माहीत आहे, कारण ती आमचं पीक खाते. आमच्या डोंगरात बाकी कोण राहतं, हे सांगणारी मराठी यादी किंवा नकाशा माझ्या हाती आजवर लागलेला नाही.

करवती माशीचं नाव तिच्या अवजारावरून पडलं आहे. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्याचं जे अंग असतं, ते खरोखर करवतीसारखं दातेरी असतं. सुताराची करवत एका पात्याची, हिची दोन पाती एकमेकींवरून मागेपुढे सरकतात आणि पानाला चीर पाडतात. मोहरीवरची मादी पानाच्या कडेला अशा चिरा पाडून एकेका चिरेत एकेक अंडं ठेवते. कंबर नाही, डंख नाही, म्हणून माणसाला काहीही अपाय नाही. मधमाशी, मुंगी आणि गांधीलमाशी यांची बारीक कंबर नंतर आली. बिनकंबरेच्या या जुन्या शाखेचे जीवाश्म वीस कोटी वर्षांहून जुन्या खडकांत मिळाले आहेत. आणि अभ्यासकांना यातल्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करायच्या असतात, तेव्हा ते मादीची करवत काढून काचपट्टीवर ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे दाते पाहतात. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

आता वितरणाचा मुद्दा, ज्यासाठी हे पत्र मुख्यतः आहे.

जगात करवती माश्यांच्या आठ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक कीटकांच्या जाती विषुववृत्ताकडे वाढत जातात. यांचं उलटं आहे, थंड प्रदेशांत जाती जास्त आणि उष्ण प्रदेशांत कमी. भारतात म्हणूनच यांचं माहेर हिमालयात. तिथलं काम सर्वांत चिकाटीनं केलं ते पतियाळ्याच्या पंजाबी विद्यापीठातल्या प्रा. मलकियत सिंग सैनी यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालून त्यांनी नवनव्या जातींची वर्णनं केली, ओळखण्याच्या किल्ल्या तयार केल्या, खंड छापले. त्याआधीची स्थिती काय होती, तेही सांगायला हवं. ब्रिटिश काळातल्या भारतीय प्राण्यांवरच्या ग्रंथमालेत या कीटकगणाचे तीन खंड निघाले. १८९७ चा गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा, १९०३ चा मुंग्यांचा आणि १९१३ चा परोपजीवी माश्यांचा. करवती माश्यांच्या वाट्याला त्यात एकही खंड आला नाही. जी उणीव इंग्रजांनी ठेवली, ती उत्तरेत एका विद्यापीठानं भरून काढली. दख्खनच्या बाजूला तितक्या चिकाटीनं जाळी घेऊन कोण फिरलं?

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, की वितरणाचा नकाशा हातात आला की आधी विचारा, हे ठिपके कीटकाचे आहेत की कीटक शोधणाऱ्याचे? जिथे माणूस गेला तिथे ठिपका पडतो. सह्याद्रीवर ठिपके विरळ असतील, तर त्याची दोन कारणं संभवतात. एक, उष्ण प्रदेश म्हणून इथे खरोखरच जाती थोड्या. दोन, पुरेसं शोधलेलंच नाही. नुसता नकाशा पाहून ही दोन कारणं वेगळी काढता येत नाहीत. त्यासाठी किती दिवस, कोणत्या ठिकाणी, कोणत्या पद्धतीनं शोधलं याची नोंद ठेवावी लागते. तशी नोंद असली की 'काही मिळालं नाही' या ओळीलाही किंमत येते. आंबोलीत वर्षभर सापळा लावून एकच जात मिळाली, तर ती एक जात ही केवढी मोठी माहिती आहे!

सापळ्यावरून एक गोष्ट. आज जगभरचे कीटकशास्त्रज्ञ जो तंबूसारखा जाळीचा सापळा वापरतात, तो रेने मॅलेझ या स्वीडिश अभ्यासकाचा. हा माणूस करवती माश्यांचाच जाणकार. प्रवासात त्याच्या तंबूत कीटक शिरायचे आणि दार उघडं असूनही वरच्या कोपऱ्यात जाऊन अडकायचे. एकदा कोपऱ्यात लहानसं भोक पडलं होतं, तर सगळे त्यातून बाहेर पडताना त्याला दिसले. त्या भोकाशी बाटली लावली तर, या विचारातून सापळा तयार झाला. १९३३ ते १९३५ या काळात तो ब्रह्मदेशात करवती माश्या गोळा करत हिंडला, सापळा तिथे वापरला आणि १९३७ मध्ये त्याविषयी लिहिलं. तो हिंडत होता तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. करवती माश्यांच्या माणसानं, आपल्या एवढ्या जवळ वापरून पाहिलेला सापळा! त्याच्याच देशानं २००३ ते २००६ या काळात असे सापळे पन्नासहून अधिक ठिकाणी लावून सुमारे दोन कोटी कीटक गोळा केले, आणि त्यांची वर्गवारी पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. आम्ही दोन कोटींचा हट्ट धरत नाही. पाच ठिकाणी पाच सापळे वर्षभर लावा, एवढंच म्हणणं आहे.

ती पाच ठिकाणं कोणती, याचाही विचार केला आहे. महाबळेश्वर, आंबोली आणि भीमाशंकर ही नावं कुणीही घेईल. मला त्याहून सातपुड्यातले चिखलदरा आणि तोरणमाळ महत्त्वाचे वाटतात. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे एकेकाळचे संचालक सुंदरलाल होरा यांनी माशांचा अभ्यास करून मांडलं होतं, की हिमालयाकडचे जीव सातपुड्याच्या रांगांवरून पश्चिम घाटात आले असावेत. त्यावर पुष्कळ वाद झाले आणि अजून होतात. थंडीत रमणारा, हिमालयात दाट असलेला आणि बहुधा ठरावीक झाडांनाच धरून राहणारा कीटक हा त्या वादात बोलावण्याजोगा साक्षीदार आहे. सातपुड्याच्या माथ्यावर कोणत्या करवती माश्या आहेत आणि त्या हिमालयातल्या जातींच्या किती जवळच्या आहेत, हे होरांच्याच संस्थेनं तपासावं, यासारखं दुसरं काय हवं!

सापळ्यात मिळतात त्या प्रौढ माश्या. पण निम्मी गोष्ट अळीत आहे, आणि अळी झाडावर शोधावी लागते. करवती माश्यांचा एक मोठा गट नेच्यांवर वाढतो. आपल्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात नेच्यांची काय दाटी होते, हे आंबोलीला श्रावणात गेलेल्या माणसाला सांगायला नको. थंड प्रदेशांत विलो म्हणजे या माश्यांचं हक्काचं झाड. त्याच वंशातलं वाळुंज आपल्याकडे ओढ्याकाठी उभं असतं. जंगली गुलाब आणि बागेतला गुलाब यांवरही त्यांचं एक कुळ असतं. ही झाडं हाती धरून पाहणी केली तर अंधारात चाचपडावं लागणार नाही. पान पाहायचं, अळी दिसली तर पाय मोजायचे, पाचाहून जास्त जोड्या भरल्या तर त्याच पानांसकट बरणीत घालून खाली चार बोटं ओलसर माती ठेवायची. मोहरीवरची अळी मातीत उतरून कोष करते. माझ्या बरणीतून थोड्याच दिवसांत काळ्या डोक्याची, नारिंगी पोटाची, धुरकट पंखांची माशी बाहेर आली. एका बरणीतून मात्र माशी आलीच नाही, तिच्याऐवजी लांब मिशांची एक बारीक परोपजीवी माशी निघाली. अळीच्या अंगात वाढून तिला संपवणारा हा मित्रकीटक. मोहरीच्या करवती माशीवर पेरिलिसस नावाचा असा मित्रकीटक नोंदलेला आहे. माझा तोच की दुसरा, हे आपल्याकडचा जाणकारच सांगू शकेल. पाहणीत अळ्या पाळल्या तर हे मित्रही आपोआप नोंदीत येतील, आणि कोणत्या गावात फवारणी न करताही भागतं, ते कळेल.

मला माहीत आहे, यावर पहिला प्रश्न येईल तो उपयोगाचा. दरवर्षी इतक्या किडी, त्यात ही किरकोळ. मोहरीचं क्षेत्र आपल्याकडे फार नाही, हे मान्य. पण कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सापळा पीक म्हणून, म्हणजे कीड कोबीऐवजी तिकडे ओढली जावी म्हणून लावा, ही शिफारस आपणच शेतकऱ्यांना करता. मोहरी आली की तिच्यावरची करवती माशी येणारच, आणि ती वेगळी ओळखता आली नाही तर तात्यांसारखी फसगत गावोगाव होत राहील. दुसरं उदाहरण दूरच्या देशातलं आहे. एल्म नावाच्या झाडाच्या पानावर नागमोडी रेघ खात जाणारी पूर्व आशियातली एक करवती माशी २००३ मध्ये युरोपात आढळली. २०२० मध्ये ती कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सापडली, ती एका हौशी निरीक्षकानं इंटरनेटवर टाकलेल्या फोटोमुळे. तिकडे आधी काय होतं याची यादी तयार होती, म्हणून हे नवीन आहे असं ओळखता आलं. आपल्याकडे उद्या कुणी असा फोटो टाकला, तर तो कोणत्या यादीशी ताडून बघायचा?

जैवविविधता मंडळाला थोडं वेगळं सांगायचं आहे. राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. या नोंदवह्या पूर्ण करायला राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती. मी एका गावची नोंदवही पाहिली आहे. गावाचं नाव घेत नाही, माणसं भली आहेत. झाडांची यादी सुंदर होती, म्हाताऱ्या माणसांकडून विचारून लिहिलेली. कीटकांच्या पानावर तीन शब्द होते: फुलपाखरे, मधमाश्या, मुंग्या. लिहिणाऱ्याला दोष कसा देणार? त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. ज्या राज्यानं २०१५ मध्ये निलवंत फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, देशात तसं करणारं पहिलं राज्य ठरलं, त्या राज्यानं त्या पानाखाली आणखी चार ओळी छापायला काय हरकत आहे? कीटक कोणत्या झाडावर दिसला, कोणत्या महिन्यात, अळीला पायांच्या जोड्या किती, फोटो काढला का. एवढ्या ओळी भरायला शास्त्रज्ञ लागत नाही. आठवीतली मुलगी दहा रुपयांच्या भिंगानं भरू शकते. माझ्या गावातल्या मुलींनी भरल्या आहेत.

आकुर्डीच्या केंद्राला विनंती अशी, की १९५९ पासून आपल्या कपाटांत जमा झालेल्या पेट्यांमध्ये करवती माश्यांचे जे नमुने असतील, त्यांच्या लेबलांवरचा मजकूर आधी खुला करा. गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, एवढं तरी. गोव्याचा प्रदेशही आपल्याच केंद्राकडे येतो, म्हणजे घाटाची सलग पट्टी एका छताखाली आहे. नवी मोहीम त्या जुन्या लेबलांपासून सुरू झाली तर तेव्हा आणि आता असा ताळाही लावता येईल. आणि पेट्या जपा, हे मी कळवळून सांगते. मी जिथे शिकवलं त्यातल्या एका महाविद्यालयात आधीच्या प्राध्यापकांनी हौसेनं जमवलेल्या कीटकांच्या अकरा पेट्या होत्या. डांबरगोळ्या घालायच्या राहिल्या, दोन पावसाळे गेले, आणि एक दिवस पेटी उघडली तर टाचण्या उभ्या, टाचण्यांखाली भुगा. भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी नमुने खाऊन टाकले होते. लेबलं मात्र शाबूत होती. '१४ सप्टेंबर, नाणेघाट, नेच्यावर.' कोणता कीटक होता तो, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

कृषी विद्यापीठांकडे मागणी लहान आहे. क्रॉपसॅप या कीड-पाहणी प्रकल्पाच्या कामातून सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा यांवरच्या किडींची गावोगाव पाहणी कशी करायची, हे कृषी विभागानं २००९ पासून दाखवून दिलं आहे. त्याच धर्तीवर मोहरी आणि मुळा-कोबीच्या पट्ट्यांत रब्बीत आठवड्याला एक नोंद घेतली, तर दोनतीन हंगामांत करवती माशी कुठे पोचली आहे आणि कुठे नाही, याचा नकाशा तयार होईल. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवेच असतात. आणि एक पानाची मराठी घडीपत्रिका काढा. एका बाजूला पतंगाची अळी, दुसऱ्या बाजूला करवती माशीची अळी, पायांच्या जोड्या मोठ्या करून दाखवलेल्या. ती प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लागली, तर दुकानदार बाटली काढण्याआधी तिकडे एकदा नजर टाकेल.

अभयारण्यांत नमुने गोळा करायला वनविभागाची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. पण या पाहणीसाठी तिन्ही खात्यांनी मिळून एकच परवानगी घेतली, तर दरवेळी एकेका विद्यार्थ्याला फायली घेऊन फिरावं लागणार नाही. नवी जात सापडलीच, तर जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे तिचा नमुना कुठे ठेवायचा ते ठरलेलंच आहे.

माझ्याकडे सतरा बाटल्या आहेत. बारांत मुळा, मोहरी आणि कोबीवरची माशी, तीन अळ्या नेच्यावरच्या, एक बागेतल्या गुलाबावरची, एकीत तो परोपजीवी मित्रकीटक. सगळ्या अल्कोहोलमध्ये, प्रत्येकीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी आहे: तारीख, गाव, उंची, झाड, कुणी पकडली. जातीच्या नावाची ओळ बऱ्याच चिठ्ठ्यांवर मोकळी सोडली आहे. आकुर्डीला कोणत्या दिवशी आणू, तेवढं कळवा. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघेन.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका
ता. जुन्नर, जि. पुणे